धाकट्याचा नवा जन्म आणि जुनी शेळी

धाकटा भाऊ सात वर्षांनी सोलापूरहून घरी आला तेव्हा मी त्याला कडकडून मिठी मारली. माया होतीच, खोटं कशाला बोलू, पण मुख्य म्हणजे मला त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा होता.

वास आला तो बडीशेपेचा. माझा संशय दुप्पट झाला. ज्याला काही लपवायचं नाही तो माणूस बडीशेप कशाला खाईल?

"दादा, आजून एकदा घ्यायचाय का?" तो हसून म्हणाला. "घे. मला सवय हाय."

आमची वस्ती अणदूरच्या पलीकडं, दहा-बारा घरांची, सगळी शेळ्या-मेंढ्या राखणारी. तिथून शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेला मी एकटाच, त्यामुळं वस्तीवर माझा शब्द म्हणजे छापील. धाकट्याचं नाव निघालं की मात्र दारूच आठवायची. आता तो आला होता एक जाडजूड काळं पुस्तक घेऊन, आणि म्हणत होता की त्याचा नवा जन्म झालाय. बांधकामावरच्या एका मिस्त्रीबरोबर तो प्रार्थनेला जाऊ लागला, येशूला मानू लागला आणि पाण्यात उतरून त्यानं बाप्तिस्मा घेतला.

"पाण्यात गेला तो जुना माणूस. वर आला तो दुसराच," तो म्हणाला.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुसरा आला आसंल तर आसू दे. जेवतो किती ते इचार. पैला चार भाकरी खायाचा."

दुसऱ्या दिवसापासून मी तपासाला लागलो. तो विहिरीवर गेला की मी मागं. त्याच्या चहाचा कप उष्टा असताना मी हुंगून बघितला. पिशवी चाचपली, तर आत दोन सदरे आणि ते पुस्तक. पुस्तकात खुणा केलेली पानं वाचली, कुठं काही पत्ता-बित्ता लिहिलाय का म्हणून. काही सापडलं नाही. हे तर जास्तच संशयास्पद होतं.

"अहो," बायको म्हणाली, "दारू सुटलीय भावजींची, आणि वास घेत फिरताय तुम्ही!"

शेवटी मी त्याला सरळ विचारलं, "काय दिलं तुला त्या लोकांनी?"

"च्या. दोन बिस्किटं. आन् प्रभूनं दिली ती माफी."

"फुकट?"

"व्हय. म्हणून तर लई जड झालंय." तो जवळ सरकला. "दादा, टिळ्याच्या शेळीचं आबाला सांगायचंय मला."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण सांगतो.

सोळा वर्षांपूर्वी आमच्या आईची कपाळावर पांढरा टिळा असलेली शेळी गायब झाली. आबा म्हणजे आमचे शेजारी, त्यांचं शेळ्यांचं खांड मोठं. धाकट्यानं बोट त्यांच्याकडं दाखवलं. देवळापुढं वस्ती जमली. मी तेव्हा नुकताच गुरुजी झालो होतो. आदल्या दिवशी रस्त्यानं मोटारसायकलवरून जाताना आबांच्या खांडात एक टिळ्याची शेळी मला दिसली होती. तेवढंच. पण आमच्याकडं प्रत्येक घराची जनावरं कानावरच्या कापांवरून ओळखतात. आमची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन काप. जाणत्यांनी विचारलं, "गुरुजी, काप बगितले का?" सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "व्हय, दोन." मला चष्मा लागलाय हे मला त्यानंतर तीन वर्षांनी कळलं.

आबांनी आपली टिळ्याची शेळी त्याच सकाळी बाजारात विकली होती. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली. आमच्यात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की घरोघरचे रोडगे एकमेकांना वाटतात. त्या वर्षापासून आबांच्या घरचा रोडगा कुणी घेतला नाही. आणि आमची शेळी? ती धाकट्यानं लांबच्या बाजारात विकून पिऊन टाकली होती; हे त्यानंच पुढं एकदा नशेत मला सांगितलं होतं.

म्हणजे यानं खरं सांगितलं की पुढचा प्रश्न मला: मग गुरुजी, तुम्ही काप कुणाच्या कानावर बघितले?

"तू नवा झालास ना? मग जुनं कशाला उकरतोस?" मी म्हणालो.

"मी नवा झालो, दादा. शेळी जुनीच हाय."

"तुझ्या प्रभूनं माफ केलं म्हणतोस."

"त्येनं केलं. आबा कसं करंल? कशाची माफी द्यायची तेच त्येला ठावं न्हाय. माजं मी सांगणार. तुजं तू बग."

चंपाषष्ठी आठ दिवसांवर होती. लाज वाटते, पण लिहितो. त्या आठ दिवसांत मी खंडोबाला साकडं घातलं, की देवा, माझ्या भावाच्या तोंडाला एकदा तरी दारूचा वास येऊ दे. तो प्यायला असता तर त्याचा नवा जन्म खोटा ठरला असता आणि त्याचं बोलणं बरळणं. पण रोज बडीशेपच.

तो आबांकडं निघाला तेव्हा मीही गेलो, काही वेडंवाकडं बोलला तर सावरायला म्हणून. आबा शेळीचे वाढलेले खूर कापत बसले होते. धाकट्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी तर काप बगितले हुते."

मी चष्मा पुसला. परत घातला. परत काढला.

"न्हाय आबा. टिळा तेवढा बघितला. तोबी रस्त्यावरून."

खूर कापायचं थांबलं. "माजी म्हातारी मरस्तवर मधीच कवातरी इचारायची. 'आवं, खरं सांगा, नेलीच व्हती का?' घरात दोघंच, आन् तिलाबी शंका." त्यांनी शेळीचा पाय खाली सोडला. "मला सांगून काय करता? जितं बोलला हुता तितं बोला."

चंपाषष्ठीला देवळापुढं आम्ही दोघं बोललो. आधी तो, मग मी. ज्या जागी "व्हय, दोन" म्हणालो होतो तिथंच उभा राहिलो. मग मागून एक आवाज आला, "गुरुजीबी त्याच पाण्यात उतरून आले का काय?" सगळे माझ्याकडं अशा नजरेनं बघू लागले की मी तोंडावर हात धरून स्वतःचाच वास घेतला. कुणी सांगायला लावलेलं नसताना माणूस आपलाच खोटेपणा का सांगेल? मीही हेच म्हणालो असतो.

आबांची रोडग्याची टोपली तशीच पडून होती. आई उठली, तिनं त्यातला एक रोडगा मोडला, भरीत लावलं आणि सगळ्यांच्या देखत चावायला लागली. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. मग एकेक हात पुढं आला.

धाकटा लांब लिंबाखाली बसला होता. तो देवाचा नैवेद्य खात नाही, हे एव्हाना वस्तीला माहीत झालं होतं, आणि त्यावरून आईनं दोन दिवस अबोला धरला होता. आबा उठून त्याच्याकडं गेले. धोतराच्या सोग्यात फडक्यात गुंडाळलेला एक रोडगा होता.

"ह्यो देवापुढं ठिवलेला न्हाय," ते म्हणाले. "येगळा काडलाय. खा."

धाकटा डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि त्यानं रोडगा मोडला. मी चष्म्यातून नीट बघत होतो. चार भाकरी खाणारा माझा भाऊ अर्ध्या रोडग्यावर रडत होता.

परत येताना आबांनी टोपलीत हात घालून मलाही एक दिला. नैवेद्याचाच होता, आणि खालून चांगला करपलेला. मी सगळा खाल्ला.