पत्रिकांचे बेडूक

आमच्या घरात ‘पत्ते’ हा शब्द चालत नाही. पप्पांचं माजलगावात खत-बियाण्यांचं दुकान आहे. एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल अगदीच वाईट सांगायचं असेल तर ते आवाज खाली आणतात आणि म्हणतात, “पत्त्यात बसतो तो.” त्यापुढे काही सांगायची गरज पडत नाही. म्हणून पुण्याहून शिक्षण संपवून परत आले तेव्हा तो शब्द मी तोंडातून काढलाच नाही. मी ‘कार्ड’ म्हणायचे.

हॉस्टेलवर आम्ही चौघी एक खेळ खेळायचो. जादूगार, राक्षस, जनावरं अशी शेकडो चित्रांची कार्डं असतात. त्यातून साठ निवडून आपली गड्डी आपण बांधायची आणि समोरचीचे वीस प्राण संपवायचे. माझी गड्डी बेडकांची होती. एकटा बेडूक कुणालाच हरवू शकत नाही, म्हणून सगळ्या मला हसायच्या. पण मला अशीच गड्डी आवडायची जिच्यात एकेक कार्ड फालतू असतं आणि ठरावीक तीन-चार एकत्र आली की काहीतरी सुरू होतं. तोवर गप्प बसून मार खायचा. ते मला चांगलं जमायचं.

खरी कार्डं मी पुण्यात मैत्रिणीकडेच ठेवून आले. इथे कुठलंही पार्सल दुकानाच्या काउंटरवर येतं आणि पप्पा ते नोकरांसमोर फोडतात. पण दर रविवारी दुपारी आम्ही चौघी फोनच्या कॅमेऱ्यावर खेळायचो, आणि कॅमेऱ्यात फक्त टेबल आणि हात दिसतात. त्यामुळे नकली कार्डं चालत होती. जाड कागद हवा होता, आणि तो आमच्या घरात भरपूर होता. दुकानामुळे पप्पांना तालुक्यातल्या आणि आसपासच्या प्रत्येक लग्नाचं आमंत्रण येतं. फ्रिजवर पत्रिकांचा हातभर ढीग असतो. काहींवर गणपती, काहींवर बुद्ध. ते भाग मी कापत नसे, बाजूला नीट ठेवत असे. एवढी अक्कल मला होती. बाकीच्या कागदाच्या कोऱ्या बाजूला बेडूक काढायचा आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत त्याचा नियम लिहायचा.

आईने एकदा दारात उभं राहून विचारलं, “हे काय, अभ्यासाचं?”

मी “हं” म्हणाले. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, पण ‘हं’ पुरलं. त्या दिवसापासून मी टेबलाशी बसले की आई टीव्हीचा आवाज कमी करू लागली.

अभ्यास बँकेच्या परीक्षेचा होता. पप्पांनी परत आल्या आल्या सांगितलं होतं, “वर्षभर घरी बसून अभ्यास कर. लागलीस तर जा पुण्याला, मी आडवा येणार नाही. नाही लागलीस तर मग स्थळं बघायची.” म्हणजे या घरातून बाहेर जायची वाट एकच होती, आणि ती मला तोंडपाठ होती. तरीही पुस्तक उघडलं की माझा श्वास अडकायचा. ज्या खोलीत मी होते तिच्या भिंतीपलीकडे गोदाम आहे. युरियाचा वास कपड्यांना लागतो. सीझनमध्ये उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून खिडकीखालून जातात. मी पुस्तक मिटायचे आणि बेडूक काढायचे. मला इथे कुणी अडकवलं असं मी मनात म्हणायचे, पण ते अर्धंच खरं होतं.

माझा डाव असा होता: बेडूक मेला की अंडी घालतो. दलदलीतली म्हातारी त्या अंड्यांतून बेडूक परत आणते. उपाशी बगळा आलेला बेडूक खातो. की परत अंडी, परत म्हातारी, परत बगळा. डबक्याचा राजा हे चौथं कार्ड समोर असेल तर प्रत्येक मेलेल्या बेडकामागे विरोधकाचा एक प्राण जातो आणि मी जिंकते. एका रविवारी राजा हातात यायच्या आधीच मी फेरा सुरू केला. म्हटलं, थोडा वेळ फिरवू आणि थांबवू.

“थांबवता येणार नाही,” मैत्रीण म्हणाली. “तुझ्या बगळ्याचं कार्ड वाच. त्यात इंग्रजी ‘may’ नाहीये.”

मी वाचलं. खरंच नव्हतं. बगळा बेडूक ‘खाऊ शकतो’ असं नव्हतं, ‘खातो’ असं होतं. त्याची इच्छा विचारलेलीच नव्हती. कुणालाच थांबवता येत नाही असा फेरा सुरू झाला की खेळाच्या नियमाने डाव बरोबरीत सुटतो, कुणी जिंकत नाही. आणि ते कार्ड मी स्वतःच्याच हाताने उतरवलं होतं.

वर्षाला दोन महिने उरले असताना स्थळ आलं. पप्पा म्हणाले, “बघायला काय जातंय. नाही म्हणता येतंच की नंतर.” मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. तो स्वतः आला नाही. त्याचे काका आणि मावशी सिरसाळ्याहून आले. मी पोहे दिले, खाली बघून बसले. मावशींनी माझं शिक्षण विचारलं, काकांनी उंची. मग आई फार कौतुकाने म्हणाली, “दिवसभर अभ्यास करती. स्वतःच्या हातानं कार्डं बनवलीत तिनं. साठ कार्डं.”

“आण की गं पोरी, बघू,” मावशी म्हणाल्या.

मी आईकडे पाहिलं. ती हसत होती. मी आत जाऊन गड्डी आणली.

मावशींनी वरचं कार्ड घेतलं. “हे बेडूक काहून काढलंय?”

“जीवशास्त्र असंल,” आई म्हणाली.

“बँकेला?” काका म्हणाले.

मावशींनी कार्ड उलटं केलं आणि त्यांचा हात थांबला. मागे मरून कागदावर सोनेरी अक्षरं होती. ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे एका नावाची पहिली दोन अक्षरं. तिसऱ्या अक्षरावरून माझी कात्री गेली होती.

“ही आमच्या पोरीची पत्रिका हाय,” मावशी म्हणाल्या. “मागच्याच महिन्यात झालं लगीन. नावावरनं कापली हिनं.”

देवाचा भाग बाजूला ठेवायचं मला कळलं होतं. नावांचं मला कधीच सुचलं नव्हतं. आई मावशींच्या हातातून कार्ड घ्यायला वाकली, पण मध्येच थांबली. काकांनी तोवर बाकीची गड्डी हातात घेतली होती आणि अगदी सराईतपणे पंख्यासारखी उघडली होती.

“अहो, हे पत्ते हायत की,” ते म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली थोडा आनंदही. वाटलं, आता पाहुणे उठतील. पत्ते खेळणारी पोरगी म्हणून गावभर होईल, आणि स्थळांचा विषयच संपेल.

“हो,” मी म्हणाले. “पत्ते आहेत. अभ्यासाचे नाहीत.”

“खेळायचं कसं?” काकांनी विचारलं.

मी सांगितलं. आवाज लहान होता, पण बेडूक, म्हातारी, बगळा, सगळं सांगितलं. काका पुढे सरकून ऐकत होते. “म्हणजे रमीच म्हणा की. सीक्वेन्स लागूस्तोर कुणाला कळू द्यायचं न्हाई.” ते पप्पांकडे वळले. “लई डोकेबाज पोरगी हाय तुमची. आमच्यात असली न्हाई एक बी.”

मावशी अजून कार्डाकडे बघत होत्या. “डोकं हाय,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण कात्री काढून घ्या हिच्याजवळची.” आणि त्या हसल्या. मग सगळेच हसले. पप्पासुद्धा. मी एकटी हसले नाही, आणि तेही त्यांना लाजणं वाटलं.

निघताना पप्पांनी परीक्षेचा विषय काढला. काका चपला घालत म्हणाले, “नोकरी करू शकती की लग्नानंतर बी. आमची काय ना न्हाई. देऊ शकती परीक्षा, बिनघोर देऊ शकती.”

‘शकती’ हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मी मोजला. बगळ्याच्या कार्डावर जो शब्द मी शोधत होते तो इथे फुकट वाटला जात होता, पण तो त्यांचा होता. त्यांनी दिला तर माझा.

“आठ दिवसांत कळवतो,” पप्पा म्हणाले. ते आत आले आणि पत्त्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “चांगली माणसं आहेत. आता परीक्षेची एवढी काय घाई?”

“वर्ष संपलेलं नाही,” मी म्हणाले. “दोन महिने बाकी आहेत. वर्ष म्हणाला होतात.”

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं, मलाही नव्हतं. “अभ्यास झालाय?”

“नाही.”

“मग?”

“करते.”

त्यांनी आईकडे पाहिलं, हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि दुकानात गेले. हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. आठ दिवस संपायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं. श्वास अडकला, तरी उघडंच ठेवलं. आई आत आली, हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. तिने तो टेबलावर बेडकांशेजारी ठेवला. काल उघड्या पडलेल्या माझ्या ‘हं’बद्दल ती बोलेल असं वाटलं.

“नावांचा भाग कापून बाजूला ठेवलाय,” ती म्हणाली. “आणि तारखा बघितल्यात. होऊन गेलेल्या लग्नांच्याच हायत ह्या.”

मी एक पत्रिका घेतली, कोऱ्या बाजूला पुस्तकातला पहिला नियम लिहिला आणि कापली. आई बाहेर गेली आणि टीव्हीचा आवाज कमी झाला.