दहा ओहमचं वेटोळं

"पंधरा कसा येईल? वेटोळ्यावर दहा लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय, सर," काका म्हणाले.

"मग?"

"मग काय. मी लिहिलं म्हणून तार ऐकते होय?"

प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. भौतिकशास्त्राचे सर आणि प्रयोगशाळा सांभाळणारे काका यांच्या मधोमध एक मुलगी वही छातीशी धरून उभी. तिचा गुन्हा एवढाच, की जे दिसलं ते तिने लिहिलं. सहा व्होल्ट, शून्य पूर्णांक चार अँपिअर. भागाकार केला, रोध आला पंधरा ओहम. गुणाकार केला, शक्ती आली दोन पूर्णांक चार वॉट. बाकी साऱ्या वर्गाचा रोध दहा आला होता, आणि सर हिला नापास करायला निघाले होते.

काकांना इथे एकतीस वर्षं झाली. पंखे, कुलपं, स्टुलं, बॅटऱ्या, सगळं त्यांच्याच अंगावर. मुलं काका म्हणत, सर काका म्हणत, चारचौघांत बायकोही काकाच म्हणे. मत मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारलं जाई ते एवढंच, किल्ली कुठंय?

बारा वर्षांपूर्वी एका उत्साही मुलाने जुनं वेटोळं थेट भिंतीतल्या प्लगला जोडलं आणि खोलीभर धूर केला. दुसऱ्याच दिवशी तपासणी. काकांनी हाताशी होती ती तार गुंडाळली आणि जुना आकडा तसाच रंगवला. नंतर बदलू, म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात मुलांना दहाच ओहम मिळाले. पुढच्या वर्षीही. हुशार मुलांना नऊ पूर्णांक नऊ आठ मिळाले, म्हणजे कसं, मोजल्यासारखं वाटतं. अँपिअरचा काटा शून्य पूर्णांक चारावर आणि साठ वह्यांत शून्य पूर्णांक सहा! काकांनी रंगाचा डबा परत कपाटात ठेवून दिला. इतक्या शिकलेल्या लोकांना आपण काय शिकवायचं.

"दहा आला नाही तर चूक तुमची," हे सरांचं लाडकं वाक्य. मीटरकडे त्यांनी स्वतः कधी पाहिलं, ते काकांना आठवत नव्हतं.

"हे बघ बाळ," सर मुलीकडे वळले, "खोड आणि लिही. दहा ओहम, तीन पूर्णांक सहा वॉट. लगेच सही करतो."

"काटा सहावर कसा न्यायचा तेवढं सांगा सर, लिहिते."

"उलट बोलतेस?"

"विचारतेय."

काकांनी घसा साफ केला. "तिचं बरोबर आहे. तार पंधराचीच आहे, सर. बारा वर्षं. चूक माझी."

सरांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "काका, झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. या प्रयोगाला मी बारा वर्षं पैकीच्या पैकी देत आलोय. त्यातला एक जण आता इथेच शिकवतो."

"हो ना. तुमच्याच शेजारच्या टेबलावर बसतो. त्याचे नऊ पूर्णांक नऊ आठ होते."

"चेष्टा पुरे. बाहेरचे परीक्षक पलीकडच्या खोलीत चहा घेतायत. हिची वही आत्ता त्यांच्यापुढे जाणार. मी सांगणार, आकडा चुकला. तुम्ही चार महिन्यांनी निवृत्त होताय. त्यांनी तुम्हाला विचारलं तर काय सांगाल?"

काकांनी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, वेटोळं काखोटीला मारलं, मुलीच्या हातातून वही घेतली आणि लोटलेलं दार उघडून ते पलीकडच्या खोलीकडे चालू लागले.