माळावरचा फॅमिली फोटो

मी सातारा-सांगलीकडं घरगुती फोटो काढत फिरतो. माणमधल्या एका फौजीनं सुट्टीत मला बोलावलं. त्याला बायकोपोरांसोबत उघड्यावर फोटो हवा होता. दोन तास हिंडून मी गावामागचा माळ निवडला, कारण उतरतं ऊन तिथं छान पडत होतं.

"मागं मेंढरं दिसली तर लय भारी," तो म्हणाला.

मेंढरं त्याच्या वडिलांची होती. म्हातारा दाढी करून, नवं मुंडासं बांधून आला आणि नातवाशेजारी उभा राहिला.

"आबा, तुमी तिकडं मेंढरं धरा. तुमच्याबिगर थांबायची न्हाईत ती," फौजी म्हणाला.

"आन् फोटूत?"

"दिसताय की तिथनं."

म्हातारा चढावर गेला. मेंढरं मोकळी दिसावीत म्हणून मीच ओरडून त्याला आणखी मागं सरकवलं.

फोटो पाहून फौजी म्हणाला, "मेंढरं ऱ्हाऊ द्या, म्हाताऱ्याला तेवढं पुसा." मी कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत पुसला.

फ्रेम द्यायला गेलो तेव्हा म्हातारा घरात एकटाच होता. त्यानं काचेवरून बोट फिरवत एकेक मेंढरू पाहिलं आणि विचारलं, "मी कुठं हाय रं?"

"लांब होता, आबा. इतक्या लांबचं माणूस फोटोत येत न्हाई."

त्याला ते पटलं.