देवणीचे बैल, शिरूरचा शनी, जळकोटचं ग्रहण

लॅबमध्ये होतो तेव्हा एक पेपर निघायला वर्ष जायचं. विज्ञान सांगत गावोगाव फिरायला लागलो आणि किस्से मात्र आठवड्याला जमायला लागले. पहिला घरचाच. नांदेडचे आमचे मामा म्हणाले, "म्हंजे नोकरी गेली म्हण की!"

आमची टीम तिघांची. मी, लाउडस्पीकरवाले सलीमभाई आणि विज्ञानाच्या शिक्षिका सुषमा.

देवणीला सलीमभाई रिक्षातून पुकारत फिरले, "महोत्सव हाय, महोत्सव! समद्यांनी यावं!" 'विज्ञान' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून तो शब्द त्यांनी गाळलाच. सकाळी बघतो तर मंडपापुढे झूल घातलेल्या बैलांची रांग! एका आजोबांनी विचारलं, "सायेब, नंबर कुठं लावायचा?" बैलांसाठी नावाजलेल्या गावात महोत्सव म्हटल्यावर दुसरं काय असणार! दिवसभर आम्ही पोटाचे चार कप्पे शिकवले. मॉडेल समोर रवंथ करत होतं.

शिरूर अनंतपाळला रात्री उद्घाटनाला आलेले पुढारी दुर्बिणीपाशी थबकले.

"काय दिसायलंय?"

"शनी. कडी छान दिसतात."

पुढारी दोन पावलं मागं. "नको! साडेसाती चालू हाय. मी बघितलं तर तो बी बघंल की!"

सलीमभाई म्हणाले, "मग उलट्या बाजूनं बघा सायेब. लई लांब जाईल!"

जळकोटला मात्र चेष्टा नव्हती. सूर्यग्रहणाचा कार्यक्रम होता आणि सुषमाला सातवा महिना. एकानं मला गाठलंच, "काय होत न्हाई म्हणता ना? मग म्याडमला आणा की ग्रहणात!"

"त्या काही प्रयोगाचं साहित्य नाहीत," मी म्हणालो. पण आतून टरकलो होतो. ती आली नाही तर आमचं कोण ऐकणार? आली, आणि पुढं काही कमीजास्त झालं, तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. तिच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ग्रहण कडक पाळणाऱ्या. सुषमा एवढंच म्हणाली, "सर, मी येणार. आत्याबाईंचं सांगता येत नाही."

ग्रहण सुरू झालं. अर्धं गाव दारं लावून उपाशी, उरलेलं अर्धं सुषमा येते का बघायला मैदानावर. ती आली. मागोमाग सासूबाई, हातात डबा. सुषमानं माईक घेतला, तशा त्या थेट स्टेजवर चढल्या. संपला कार्यक्रम, मी मनात म्हटलं.

त्यांनी माझ्याकडून ग्रहणाचा चष्मा मागून घेतला आणि सूर्याकडे बराच वेळ बघितलं. मग डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडून सुनेपुढं धरला. माईक चालूच होता.

"ग्रहण त्याला लागलंय. तुला भूक लागलीय. खा!"