मंडईच्या दिवशी चार कम्प्युटर

माझा नागपुरातला सायबर कॅफे बंद करायचं ठरलं तेव्हा घरात काही सुतक नव्हतं. मोबाइलवर इंटरनेट आलं, गिऱ्हाईक गेलं, संपला विषय. प्रश्न उरला दुकानातल्या कम्प्युटरांचा. जाड पाठीचे, पिवळे पडलेले, पण चालू! भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला तेव्हा माझं टाळकं सरकलं. कल्पनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नाही सरकलं. ती म्हणाली, "वजनावर जात असतील तर तुम्हीपण बसून घ्या काट्यावर."

त्याच आठवड्यात शीलाचा फोन आला. शीला माझी धाकटी बहीण, आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या बेहडाटोल्याला शाळेत शिकवते. "दादा, चार तरी मला दे. नाहीतर माझी सहावी-सातवी जाते," म्हणाली. झालं होतं असं, की शाळेला कम्प्युटर येणार, येणार, म्हणून ती दोन वर्षं पालकांना थोपवून धरत होती. कोणी विचारलं की म्हणायची, "येतेच." शेवटी गावाने तिचं नावच पाडलं, येतेच मॅडम. आता दिवाळीनंतर तीन-चार घरं दाखले काढून पोरांना खालच्या कॉन्व्हेंटात घालणार होती. पट घसरला की वरचे वर्ग बंद. "पोरं जातील गा सायकलने खाली. पोरींना जंगलातून कोण पाठवते? घरी बसतील, दुसरं काय," ती म्हणाली, आणि फोनवर गप्प झाली. शीला गप्प झाली की मला धडकी भरते. लहानपणापासून तिची बडबड ऐकायची सवय आहे.

तर मंडळी, निघालो. सुट्टीचा दिवस पाहून मीच तारीख ठरवली, आणि शीलाला चकित करायचं म्हणून कळवलं नाही. ही चूक लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

मित्राची व्हॅन घेतली. मागची सीट काढून चार मॉनिटर गाद्यांमध्ये गुंडाळले, सीपीयू खाली लावले. माऊस आणि तारांची पिशवी कल्पनाच्या मांडीवर. नागपूर ते भंडारा रस्ता असा, की मी त्यावर काही लिहू नये आणि तुम्ही वाचू नये, सरळ झोपावं. भंडाऱ्यात तर्री पोहे खाल्ले. दोघांचा नाश्ता शंभराच्या आत, नाकाडोळ्यांतलं पाणी फुकट. तिथून वरठी, मोहाडी, तुमसर. दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, आणि हवेत तो कोरडा, गोडसर वास. कल्पनाने काच खाली केली आणि धूळ येते म्हणून मी सांगितलं तरी वर घेतली नाही.

तुमसरहून सिहोऱ्याकडे आणि पुढे बपेऱ्याच्या दिशेने जायचं. बपेरा लागलं म्हणजे तुम्ही चुकलात, पुढे मध्य प्रदेश सुरू होतो. आम्ही चुकलो. मग परत फिरून डोंगरावर जाणारा डावीकडचा मुरमाचा रस्ता धरला. डोंगर म्हटल्यावर सह्याद्रीवाल्यांनी हसू नये. गोंदिया वेगळा झाला तेव्हा जिल्ह्यातले बरेचसे डोंगर तिकडे गेले. आमच्या वाट्याला जे आले त्यांना आम्ही डोंगरच म्हणतो. आणि खरं सांगतो, सागाच्या जंगलातून ती चढण पहिल्या गिअरमध्ये चढताना मागे चार मॉनिटर एकमेकांवर आदळत असतील, तर ती हिमालयापेक्षा कमी नसते. "हळू! ती लेकरं आहेत का धोंडे?" कल्पना ओरडली. सकाळपर्यंत ते डबे होते, बरं का.

वर पोचलो तर माणसंच माणसं! जिलेबीची कढई, बांगड्यांची दुकानं, आकाशपाळणा, आणि भोंग्यावर गाणं इतक्या जोरात की हॉर्न मला स्वतःलाच ऐकू येईना. त्या दिवशी बेहडाटोल्याची मंडई होती. पुण्या-मुंबईकडच्यांनी भाजीबाजार समजू नये. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी जी जत्रा भरते, ती मंडई. लेकी-जावई येतात, व्याही येतात, सोयरिकी जुळतात, रात्री नाटक. घरात पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते. अख्ख्या वर्षात कम्प्युटर बसवू नयेत असा एकच दिवस असेल, आणि तो मी निवडून आणला होता.

शीलाने मला पाहिलं. आधी आनंदली, मग तिचा चेहराच उतरला. "दादा, आजच काहून आलास रे? शाळेत नाटकवाले उतरले ना!" खरंच होतं. वर्गात तोंडाला रंग लावलेला राजा पंख्याखाली घोरत होता आणि फळ्याच्या खिळ्याला झगे टांगले होते.

"उतरवा, मी म्हनतो, ते सामान. आले त आले." हा आवाज तुकारामभाऊंचा. मंडई समितीचे अध्यक्ष, डोक्याला नवाकोरा फेटा. यांची नात पायल सहावीत, आणि दाखला मागणाऱ्यांत पहिलं नाव यांचंच. पायलला तिच्या आईच्या माहेरी, अड्याळला शिकायला ठेवायचं ठरलं होतं. तुकारामभाऊ गेले की बाकीची घरं त्यांच्यामागे जाणार, हे शीलाने मला कानात सांगितलं. तुकारामभाऊंनी व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "येतेच मॅडम, तुमचे आले वाटते! टीव्ही त नाई ना आणले?"

राजाला उठवून कोपऱ्यात सरकवलं. त्याच्या आरशाच्या टेबलावर दोन आणि बाकांवर दोन कम्प्युटर मांडले. कोणी नारळ आणला. कोणी म्हणालं, मेणबत्ती लावा. आमच्या घरची रीत मेणबत्तीची, तुकारामभाऊंची नारळाची. शीलाने वाद व्हायच्या आत दोन्ही उरकून टाकलं. पाहुणे खिडकीत लटकले. म्हाताऱ्या थेट आत येऊन बाकांवर बसल्या, नाटकाला बसतात तशा, पदरात चिवडा घेऊन.

मी बटण दाबलं. पडद्यावर निळा उजेड आला, थरथरला, गेला. पुन्हा दाबलं. आला, गेला. शीला भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. दोन वर्षं जो शब्द देत आली तो सगळ्या गावासमोर, वर पाहुण्यांसमोर, असा डोळे मिटून पडत होता. मला एवढं वाईट दुकान बंद करताना नव्हतं वाटलं.

आणि तेवढ्यात पायलच्या आईचे वडील, म्हणजे तुकारामभाऊंचे अड्याळचे व्याही, सुपारी कातरत बोलले, "राहू द्या ना भाऊ. आमच्या अड्याळात असे केव्हाचे आले. तिथं निदान सुरू त होते."

खिडकीतले सगळे हसले. तुकारामभाऊ नाही हसले. व्याह्याने असं बोलावं, तेही आपल्याच मंडईत, आपल्या घरी खाल्लेलं ताट खाली ठेवायच्या आधी? त्यांचा फेटा हलला.

"काहून नाई होऊन राहिलं हे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, वीज पुरत नाही. शाळेच्या मीटरवरूनच भोंग्यांची आणि झगमग दिव्यांची वायर गेली आहे, सगळी ताकद तिकडेच चालली.

तुकारामभाऊ ओट्यावर गेले आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की नाटकवाल्यांनी त्यांना रात्री कामच द्यायला हवं होतं. "बंद करा भोंगा! दिवेबी बंद! समितीचा हुकूम हाये!"

भोंगा बंद झाला. मंडईत भोंगा बंद म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार. भांडण, नाहीतर कोणी पडलं. जिलेबीवाला झारा घेऊन धावला. बांगडीवाली दुकान तसंच टाकून आली. पाळण्यावरचे लोक वरूनच विचारत होते, "का झालं गा? कोन गेलं?" सगळी मंडई शाळेच्या आवारात. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

आला. आला तो गेलाच नाही. एकामागून एक चारही पडदे उजळले, आणि एका म्हातारीने शांतपणे म्हटलं, "हं, आता करा सुरू नाटक."

शीलाने पायलला पुढे बोलावलं. पोरीने माऊस धरला, उंदीर धरावा तसा घाबरत, आणि पडद्यावरच्या चित्राच्या पाटीवर एक वाकडीतिकडी पिवळी रेघ ओढली. मग अजून एक. मग एक घर, त्यावर भोंगा. तुकारामभाऊ गर्दीकडे वळले आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहा पाहुणे, आमची पायल. आमच्याच शाळेत शिकते. पुढं सातवीबी इथंच."

शीलाने माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. व्याह्यांच्या, जावयांच्या, आसपासच्या गावच्या सोयऱ्यांच्या देखत मंडईत बोललेला शब्द परत घेता येत नाही. गावात कोणाची तशी टाप नाही, अध्यक्षांची तर नाहीच.

रात्री नाटक पाहिलं नाही, शीलाच्या खोलीवर गरम भात आणि झिंग्यांची चटणी खाऊन आडवे झालो. सकाळी निघताना तुकारामभाऊ रस्त्यात भेटले, फेटा नसल्याने जरा लहान दिसत होते. "मॅडम, तो दाखल्याचा अर्ज फाडून टाका," शीलाकडे न बघता म्हणाले. "आता पोरीले नेलं त पाहुणे म्हनतीन, कम्प्युटर खोटे होते. बाकीच्यायले मी पाहून घेतो." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, पुढच्या वक्ती मंडई सोडून या. जिलेबीवाल्याचा अख्खा घाणा जळला."

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: तुमसरनंतर पेट्रोल भरोशावर सोडू नका, पाणी सोबत ठेवा, आणि तारीख आधी गावात विचारा. किंवा नका विचारू.

घरी आलो. दुकानात टेबलांवर धुळीत चार चौकोन उरले होते. मला वाटलं होतं ते पाहून वाईट वाटेल. नाही वाटलं. छान वाटलं, अगदी खरं सांगतो, पोटातून छान वाटलं. शाळा उघडल्यावर शीलाचा फोन आला. एकही दाखला गेला नव्हता. ती आपल्या जुन्या वेगाने बडबडत होती, मागे पोरांचा कल्ला होता, आणि त्यातून तुकारामभाऊंचा आवाज आला, "मॅडम, दादाले विचारा ना, पायलचं चित्र कागदावर निघते का? व्याह्याले पाठवाचं होतं. ते प्रिंटर का काय म्हनते, ते कवा येते?"

"येतेच!" शीला सवयीने बोलून गेली.

तिकडे जो हशा उठला तो भोंग्यासारखा फोनमधून बाहेर आला. मी कल्पनाकडे पाहिलं. ती उठली, कॅफेतून आणून कोपऱ्यात टाकलेल्या प्रिंटरवरचा रद्दीचा गठ्ठा उचलून खाली ठेवला, आणि पदराने प्रिंटरची धूळ पुसायला लागली.