टॉड्री नावाचा शब्द आणि अक्काचा गळा

मी भूमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. आमच्या घरात एवढी शिकलेली मी एकटीच. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणते, सातवीतून शाळा सोडून ढोकीजवळच्या एका गावात नांदायला गेली. माझं कॉलेज व्हावं म्हणून वडिलांशी भांडली ती मात्र तीच.

तीन वर्षांपूर्वी अक्काच्या गळ्याला गाठ आली. सोलापूरला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, रोजची गोळी मागं लागली आणि गळ्यावर आडवा, जाड व्रण राहिला. मला पेपर तपासायचे होते, म्हणून दवाखान्यात मी एकदाच जाऊन आले.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. अक्का आली ती गळ्याला घट्ट बसणारा, लाल-हिरव्या खड्यांचा, सोन्याचं पाणी दिलेला रुंद हार घालून. मुलाकडची मंडळी पुण्याची. मी तिला आतल्या खोलीत बोलावलं.

“अक्का, हे काढ. लईच भडक दिसतंय.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. हार पिशवीत ठेवला, पदर गळ्याभोवती घेतला आणि कार्यक्रमभर तो एका हातानं धरून बसली. तिला नीट जेवताही आलं नाही. हे मी पाहिलं. मनावर घेतलं नाही.

काही महिन्यांनी वर्गात एका उताऱ्यात ‘टॉड्री’ हा शब्द आला. मी अर्थ सांगितला, भपकेबाज पण हलकं. एका मुलीनं विचारलं, हा शब्द आला कुठून? मला माहीत नव्हतं. तास संपल्यावर ग्रंथालयातला जाड शब्दकोश काढला आणि उभ्यानंच वाचू लागले.

तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक राणी होती. राज्य सोडून तिनं संन्यास घेतला, मठ बांधला. शेवटी तिच्या गळ्याला गाठ आली. ती म्हणाली, तरुणपणी मी हार घालून मिरवले, त्याचंच हे फळ. लोकांनी तिला संत मानलं. तिच्या नावानं जत्रा भरू लागली आणि बाया तिथून गळ्यात बांधायच्या रेशमी फिती नेऊ लागल्या. ‘सेंट’ म्हणजे संत; त्यातला शेवटचा ट तिच्या नावाच्या सुरुवातीला चिकटला आणि त्या फितींना टॉड्री म्हणू लागले. आधी तो चांगला शब्द होता. पुढं जत्रेत स्वस्त, चकचकीत माल आला, शहाणी माणसं नाकं मुरडू लागली, आणि एका संतिणीचं नाव शिवी होऊन बसलं.

मी शब्दकोश मिटला. त्या दिवशी पुढचा तास मला घेता आला नाही.

रविवारी येडशीला एसटी बदलून अक्काकडं गेले. ती ओसरीत शेंगा फोडत बसली होती. घरात ती गळा झाकत नसे. मी शेजारी बसले, तिला राणीची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हणाले, “अक्का, त्या दिवशी माझं चुकलं. तू व्रण झाकायला हार घातला होतास, हे मला कळायला पाहिजे होतं.”

तिचे हात थांबले. माझी माफी तिनं ऐकली की नाही, कोण जाणे. तिच्या मनात राणीच घोळत होती.

“तिनं हौस तरी केली व्हती,” ती म्हणाली. “म्या मंगळसूत्राबिगर गळ्यात कधी काय घातलंच न्हाय. मग मला कशापायी झालं?”

आजार ही कशाची शिक्षा नसते, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरही तसंच म्हणाले होते. पण गावातल्या बाया विचारायच्या, तुझ्या हातून काही चुकलं असेल का, आठवून बघ. आणि ती खरंच आठवत बसली होती, दोन वर्षं, कुणाला न सांगता. मग ती रडली. ऑपरेशनच्या वेळीही ती रडली नव्हती, असं दाजी मला नंतर म्हणाले.

आता दर सहा महिन्यांनी सोलापूरला तपासणीसाठी मी तिच्याबरोबर जाते. सुरुवातीला काय विचारायचं ते ती मला वाटेत सांगायची आणि मी डॉक्टरांना विचारायची. मागच्या खेपेला तिनं मला बोलू दिलं नाही. सगळं तिनंच विचारलं.