जिभेला चिकटलेलं हाड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांपुढे ज्यांच्याबरोबर पत्रकं वाटते, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण — नाही, कारण राहू द्या.

आधी आईबद्दल. तिच्याबद्दल मी मान वर करूनच बोलणार. माझी आई वच्छला चंद्रपूरकडच्या काळ्या रानात निंदण करत वाढली आणि लग्न होऊन रायपूरला आली. माती, मुरूम, गोटा — हातात घेताच ओळखते. हाताला नाही कळलं तर जिभेला लावते. मला त्याची लाज वाटायची. कष्टकऱ्यांची पत्रकं वाचत वाढलेल्या मुलीला — मातीची लाज?

तीन वर्षांपूर्वी एका संग्रहालयानं कुटुंबांसाठी डायनासोरचे अवशेष शोधायचं शिबिर काढलं. रायपूरहून बस निघाली ती आईच्या माहेराकडेच. आठ-दहा कुटुंबं, नव्या टोप्या, हातात ब्रश. सापडलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधायची होती : जागा, तारीख, शोधणाऱ्याचं नाव.

दुपारी आईनं मातीतून एक तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि सरळ जिभेला लावला.

"चिपकून राहिलं वं जिभीले! गोटा असा चिपकत नाही. हाडूक आहे हे."

"आई, थूको! सब देख रहे हैं." लाज वाटली की मी हिंदीत बोलते.

ती हसली. तुकडा माझ्या हातात देऊन पाणी प्यायला गेली. तेवढ्यात शिबिराचे सर आले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि — काय सांगू — त्यांनीही तो जिभेला लावला!

"हड्डी है! हम ऐसे ही परखते हैं. किसने पहचाना?"

आई दहा पावलांवर होती. तिला हाक मारायला किती वेळ लागला असता?

मी म्हणाले, "मैंने."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात आईच्या. चिठ्ठी मीच भरली.

तिनं ऐकलं नव्हतं, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत होते. रायपूर जवळ आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुयं नाव लागलं, बरं झालं." बस, एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून गोल बाजारात भाजी घेतानाही सांगू लागली, "माया पोट्टीनं करोडो वर्षांचं हाडूक शोधलं!" मी शेजारी पिशवी धरून उभी.

त्याच महिन्यात मी ठेका मजुरांसाठी पत्रक लिहिलं : ज्याची मेहनत, त्याचं नाव. लोकांना फार आवडलं. अजून वाटतो आम्ही ते.

हे हाड वच्छलानं शोधलं. आपल्या जिभेनं, सगळ्यांच्या देखत, न लाजता. संग्रहालयात काचेआड त्याच्या शेजारी चिठ्ठी आहे. तिच्यावर माझं नाव आहे, माझ्याच अक्षरात.